नाट्यशास्त्र आणि आमचा फड

विहाराच्या स्मरणिकेत नाचगाण्याचा इतिहास कशाला, असं काही उपासक-उपासिका म्हणतील. अष्टशील घेतो त्या दिवशी नाच, गाणं, वाजवणं यांपासून दूर राहण्याचं वचन आपण देतो, हे आम्हांला ठाऊक आहे. पण शील पाळणं वेगळं आणि आपल्या माणसांचा इतिहास विसरणं वेगळं. सातारा-सांगलीच्या जत्रांत ज्यांनी ढोलकी वाजवली, सोंगं काढली, ज्या बाया पायांत चाळ बांधून उभ्या राहिल्या, त्यांत महार, मांग, कोल्हाटी या समाजांतलीच माणसं फार. यांच्या कलेला शास्त्र नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आलं. हे खरं आहे काय?

आम्ही संस्कृत शिकलेलो नाही. भरतमुनींचं नाट्यशास्त्र आम्हांला मराठीतूनच कळलं. त्याच्या पहिल्याच अध्यायात कथा आहे. वेद शूद्रांच्या कानी पडायचे नाहीत, म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद करा, अशी देवांनी ब्रह्मदेवाला विनंती केली आणि नाट्यवेद निर्माण झाला. शेवटाला मात्र उलटंच घडतं. भरताच्या मुलांनी ऋषींच्या नकला करून त्यांची टवाळी केली, म्हणून ऋषींनी शाप दिला, तुम्ही शूद्र व्हाल! म्हणजे कलावंत खालचा ठरला तो मोठ्यांची चेष्टा केली म्हणून. आमच्या सोंगाड्याचा गुन्हा तरी दुसरा कुठला होता?

आता शास्त्रातले शब्द पाहू. नुसत्या ताल-लयीवरचा नाच म्हणजे नृत्त. भाव दाखवणारं ते नृत्य. कथा आणि पात्रं आली की नाट्य. आता फडाकडे बघा. ढोलकीचा तोडा चालू असताना नाचणारीचे चाळ बोलतात, तिथं अर्थ नसतो, लय असते. ते नृत्त. बैठकीच्या लावणीत बाई बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा गाते आणि दर वेळी निराळा भाव दाखवते. कधी रुसवा, कधी आर्जव, कधी थट्टा. हिला आमच्याकडे अदाकारी म्हणतात. हे नृत्य. आणि वग म्हणजे सरळ नाट्य.

अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे. आंगिक म्हणजे हातापायांचा, नजरेचा. वाचिक म्हणजे बोलण्याचा. आहार्य म्हणजे वेषभूषेचा. सात्त्विक म्हणजे मनातून उमटणारा. बतावणीतल्या सोंगाड्याचं हजरजबाबी बोलणं वाचिकच नव्हे काय? नाटकाआधीचा पूर्वरंग तो आमचा गण, विदूषक तो आमचा सोंगाड्या. एकानं दुसऱ्याचं उचललं, असा आमचा दावा नाही. पण काम तेच असताना एकाला शास्त्र म्हणायचं आणि दुसऱ्याला धांगडधिंगा, हा न्याय नव्हे.

बौद्धांचाही या कलेशी संबंध होता. बुद्धचरित लिहिणाऱ्या अश्वघोषानं सारिपुत्र आणि मोग्गलान यांच्या धम्मप्रवेशावर नाटक लिहिलं. त्याच्या पोथीचे तुकडे मध्य आशियात सापडले आणि १९११ साली जर्मन पंडित ल्यूडर्स यांनी ते प्रसिद्ध केले. त्यातही विदूषक आहे!

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना १८४३ सालच्या सांगलीपासून सुरुवात करतात. विष्णुदास भावे यांनी राजाश्रयानं सीतास्वयंवर केलं, ते वर्ष. पण तमाशा त्याच्या आधीपासून होता. त्याची तारीख कुणी लिहून ठेवली नाही, कारण तो राजवाड्यात झाला नाही.

पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. ब्राह्मणपण सोडून ते फडात आले. त्यांच्या लावण्या गाजवल्या महार समाजातल्या पवळाबाईंनी. बापूरावांचं नाव शाहीर म्हणून पुस्तकांत राहिलं, पवळाबाईंचं मात्र नुसती नाचणारी म्हणून. बापूरावांनी तमाशाचा पैसा चळवळीला देऊ केला, तेव्हा बाबासाहेबांनी तो नाकारला. आपल्या बायका नाचवून आलेला पैसा त्यांना नको होता. हा कलेचा द्वेष नव्हता. जलशाचं बाबासाहेबांना कौतुकच होतं. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाची बांधणी घेतली, पण बाई नाचवणं सोडलं आणि गाण्यांत विचार भरला.

तेच काम वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांनी वेगळ्या वाटेनं केलं. मुंबईत गिरणीत राबलेला हा माणूस. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन आलं, वगात कामगार आला. तमाशाचं लोकनाट्य झालं.

तिकडे मद्रासेत देवदासींच्या सदिर नाचाला १९३० नंतर भरतनाट्यम् हे नाव मिळालं, प्रतिष्ठाही मिळाली. पण ज्या बायांनी तो जिवंत ठेवला, त्या मागं पडल्या. म्हणून नाव मिळालं की न्याय मिळाला, असं समजू नये. लावणीला शास्त्रीय म्हणा, असा आमचा हट्ट नाही. आमचं मागणं एवढंच, की पोटासाठी नाचावं लागण्याची सक्ती जावी आणि कलेचं ज्ञान राहावं.

आपल्या वस्तीत ज्यांच्या आज्यानं हलगी, तुणतुणं वाजवलं, झील धरली, त्यांनी लाज बाळगू नये. म्हाताऱ्यांकडून ते बोल, ते शब्द वहीत उतरवून घ्यावेत. भरतमुनींचे शब्द टिकले ते कुणीतरी लिहून ठेवले म्हणून. आपले कोण लिहिणार?

जय भीम! नमो बुद्धाय!