वही भरली, दार अडले

यंत्र बंद पाडावयाचे तर त्यात दगड घालावा लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. सन १९९६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या इंटरनेट-सेवा पुरविणाऱ्या संस्थेवर जो प्रसंग ओढवला, तो निराळेच सांगतो. तेथे काही मोडले नाही, काही चोरीस गेले नाही. केवळ खोट्या हाका मारून खऱ्या गिऱ्हाइकांची वाट कित्येक दिवस अडविण्यात आली.

दोन संगणक बोलू लागतात ते तीन पायऱ्यांनी. पहिला हाक देतो, दुसरा ओ देतो, आणि पहिला ‘ऐकले’ म्हणून कळवितो. टीसीपीचा हा नियम १९८१ साली प्रसिद्ध झाला. तिसरी पायरी पुरी होईतो संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या अर्धवट पाहुण्याची नोंद आपल्या वहीत ठेवी. वही लहान होती. खोट्या पत्त्यावरून हाक आली की ओ भलतीकडेच जाई, उत्तर येत नसे, आणि वही भरल्याने खरा पाहुणा बाहेर राही.

आम्ही कामगार-चळवळीतले, आम्हांस या इतिहासातील दुसरीच गोष्ट अधिक बोचते. हा दोष बिल चेस्विक व स्टीव्ह बेलोविन यांस १९९४ मध्येच उमगला होता. आपल्या ग्रंथात त्यांनी त्यावर एक परिच्छेद घातला आणि मागाहून काढून टाकला. चोरास वाट दाखवू नये, या विचारास वजन आहे. परंतु पुढील दोन वर्षांत उपाय काही निघाला नाही. आणि १९९६ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकाने हल्ल्याची कृतीच छापली.

बोभाटा झाला तेव्हा त्याच सप्टेंबरात डॅनियल बर्नस्टाइन व एरिक शेंक यांनी तोड काढली. हाक येताच नोंद करूच नये; ओ देताना गणिताने बनविलेला खुणेचा आकडा द्यावा, आणि तो आकडा घेऊन जो परतेल त्याचीच नोंद करावी. फेब्रुवारी १९९७ मध्ये शेंक यांनी ती लिनक्ससाठी उपलब्ध केली.

बॉयलरची चीर मुकादमास ठाऊक आणि भट्टीपाशी उभ्या माणसास नाही, तर अपघात टळत नाही. तो लांबतो एवढेच. दोष आधी दुरुस्त करणाऱ्याच्या कानी घालावा, हे आम्हांस मान्य आहे. पण कोणाच्याच कानी न घालणे म्हणजे सावधगिरी नव्हे.