बँकेची नोकरी सोडली आणि ‘प्लँक्स्टी’ उभा राहिला: ख्रिस्टी मूरची गोष्ट

ख्रिस्टी मूर हे आयर्लंडमधल्या लोकसंगीतातलं सर्वांत मोठं नाव. पण त्याची सुरुवात झाली ती बँकेत कारकुनी करताना. पुढे त्याच्या एका अल्बमसाठी जमलेल्या वादकांमधून ‘प्लँक्स्टी’ हा बँड तयार झाला आणि आयरिश लोकसंगीत वाजवण्याची पद्धतच बदलली.

संप आणि इंग्लंड

मूरचा जन्म १९४५ मध्ये किल्डेअर परगण्यातल्या न्यूब्रिज गावी झाला. १९६६ मध्ये आयर्लंडमधल्या बँक कर्मचाऱ्यांनी संप केला, तेव्हा तो इंग्लंडला गेला. तिथे मिळेल ती अंगमेहनतीची कामं करत तो संध्याकाळी फोक क्लबमध्ये गाऊ लागला. बँकेत तो परतलाच नाही.

१९६९ मध्ये ‘पॅडी ऑन द रोड’ हा त्याचा पहिला अल्बम आला. त्याच्या जेमतेम ५०० प्रती निघाल्या. साथीला इंग्लंडमधले वादक होते. पुढचा अल्बम आयरिश वादकांना घेऊनच करायचा, असं त्याने ठरवलं.

तळघरात जमलेले चौघे

१९७१ च्या उन्हाळ्यात किल्डेअरमधल्याच प्रॉस्परस गावातल्या एका जुन्या घराच्या तळघरात रेकॉर्डिंग झालं. अल्बमचं नावही ‘प्रॉस्परस’च. जमलेल्या वादकांपैकी तिघं महत्त्वाचे ठरले.

डोनल लनी: मूरचा न्यूब्रिजमधला जुना मित्र. बुझुकी हे मुळात ग्रीक तंतुवाद्य, पण त्याने ते आयरिश गाण्यांच्या साथीला वापरलं.

अँडी अर्विन: गायक आणि मँडोलिनवादक. बाल्कन देशांत भटकून आल्यामुळे तिथले वेगळे ताल त्याच्या वादनात उतरले होते.

लिअम ओ’फ्लिन: इलिन पाइप्स वाजवणारा. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखालच्या भात्याने हवा भरून ते बसून वाजवतात.

१९७२ च्या सुरुवातीला या चौघांनी बँड काढला. ‘प्लँक्स्टी’ हा शब्द अंध हार्पवादक टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) याच्या रचनांच्या नावांत येतो. आश्रयदात्यांच्या सन्मानार्थ तो अशा धून रचत असे.

वेगळं काय केलं?

तोवर बॅलड गाणारे गट गिटार-बँजोच्या साथीने गात आणि पाइप्सची परंपरा बहुतेक वेगळीच चालत असे. प्लँक्स्टीने दोन्ही एकत्र आणलं. १९७३ च्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं ‘रॅगल टॅगल जिप्सी’. ते संपतं तिथे न थांबता सुमारे चारशे वर्षांपूर्वीची हार्पची धून सुरू होते. गाणं ऐकायला आलेला तरुण श्रोता असा नकळत जुन्या वाद्यसंगीतापर्यंत पोहोचला.

गाणं आलं कुठून?

‘रॅगल टॅगल जिप्सी’ मूरला मिळालं जॉन रायली या गायकाकडून. रायली ‘ट्रॅव्हलर’ या आयर्लंडमधल्या भटक्या समाजातला. त्याची गाणी तोंडपाठ होती, पिढ्यान्‌पिढ्या ऐकून आलेली. १९६९ मध्ये तो गरिबीतच गेला. लोकगीतं गोळा करणाऱ्या टॉम मनेली यांनी त्याचा आवाज टेप केला होता आणि मूरने ती गाणी मंचावर नेली. नाहीतर त्यातली काही त्याच्याबरोबरच संपली असती. गाणी जगभर गेली, पण गाणाऱ्याला त्यातलं काहीच मिळालं नाही, हीही या यशाची दुसरी बाजू.

बँड फुटला, गाणी राहिली

लनी १९७३ मध्ये, तर मूर त्यानंतर वर्षभरात बाहेर पडला आणि १९७५ मध्ये बँड थांबला. पुढे तो काही वेळा पुन्हा एकत्र आला. मूर आणि लनी यांनी १९८१ मध्ये रॉक आणि जॅझची जोड देऊन ‘मूव्हिंग हार्ट्स’ हा नवा बँडही काढला.

एकट्याने गाताना मूर स्वतःही गाणी लिहू लागला. १९८१ मध्ये डब्लिनच्या ‘स्टारडस्ट’ नाइटक्लबला लागलेल्या आगीत ४८ तरुण-तरुणींचा जीव गेला. त्यावर त्याने लिहिलेलं गाणं १९८५ मध्ये न्यायालयाचा अवमान ठरलं आणि अल्बममधून काढावं लागलं. २०२४ मध्ये मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्युरीने हे सर्व मृत्यू बेकायदेशीर ठरवले आणि आयर्लंडच्या पंतप्रधानांनी कुटुंबांची माफी मागितली.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर ‘प्रॉस्परस’ आणि ‘प्लँक्स्टी’ हे दोन अल्बम लागोपाठ ऐका. एका गायकाचे साथीदार बँड कसे झाले, ते त्यात कळतं.