आगगाडीचा गवई : जिमी रॉजर्स

अमेरिकेतील ब्रिस्टल हे गाव दोन राज्यांच्या सीमेवर वसलेले आहे. भर बाजारातील रस्त्याच्या एका अंगास टेनेसी, दुसऱ्या अंगास व्हर्जिनिया. अशा गावांत दोन्हीकडची गाणी कानी पडतात, हे सीमाभागातील आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीच्या वतीने राल्फ पीअर हा गृहस्थ ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन तेथे आला आणि टोप्यांच्या एका जुन्या वखारीत त्याने आपले बस्तान मांडले. ४ ऑगस्ट रोजी तेथे एक कृश तरुण गाऊन गेला. त्याचे साथीदार आदल्याच दिवशी भांडून वेगळे झाले होते. त्यामुळे हाती गिटार घेऊन तो एकटाच गायला. एक अंगाईगीत आणि महायुद्धात पडलेल्या सैनिकाच्या प्रेयसीचा शोक, एवढेच त्या दिवशी मुद्रित झाले.

हा जिमी रॉजर्स. जन्म १८९७ चा, वाढ मिसिसिपी राज्यातील मेरिडियनची. वडील रेल्वेच्या गँगवर मुकादम होते. रूळ सरकविताना निग्रो मजूर जी गाणी म्हणत, ती पाणक्याचे काम करणाऱ्या या पोराच्या कानांत मुरली. पुढे तो स्वतः गाड्यांवर ब्रेकमन झाला. परंतु १९२४ मध्ये क्षयाचे निदान झाले आणि त्या मेहनतीची नोकरी हळूहळू सुटली. गाणे हा त्याचा छंद होता; तेच आता पोटाचे साधन झाले.

१९२७ च्याच नोव्हेंबरात कॅम्डेन येथे मुद्रित झालेल्या ‘ब्लू योडेल’ने त्याचे नाव घरोघर पोचविले. योडेल म्हणजे छातीतील स्वर मध्येच तोडून एकदम वरच्या कृत्रिम स्वरात झेप घेणे. आल्प्समधील गुराख्यांची ही रीत. रॉजर्सने ती निग्रोंच्या ‘ब्लूज’ गाण्यांस जोडली. ही जोड त्याच्या आधी कोणी दिलीच नव्हती असे नव्हे. पण ती त्याच्या कंठात जितकी सहज बसली, तितकी दुसऱ्याच्या क्वचितच.

१६ जुलै १९३० रोजी लॉस एंजल्स येथे त्याच्या साथीस लुई आर्मस्ट्राँग तुतारीवर व लिल हार्डिन पियानोवर होती. तबकडीवर मात्र नाव छापले गेले एकट्या रॉजर्सचे. ज्यांच्या गाण्यावर ही कीर्ती उभी राहिली, त्यांच्या ऋणाची नोंद कागदावर राहिली नाही. यात दोष गवयाचा कमी, त्या काळाच्या वर्णभेदाचा अधिक. तरी तो सांगितलाच पाहिजे.

१९३१ मध्ये त्याने आपल्या क्षयावरच गीत मुद्रित केले. करुणेची याचना त्यात नाही. उलट एक प्रकारची थट्टा आहे, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही. मंदीमुळे तबकड्यांचा खप घटला होता, औषधोपचारांचा खर्च वाढत होता. मे १९३३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. दोन गाण्यांच्या मध्ये खाटेवर आडवे पडावे, दम धरावा आणि पुन्हा ध्वनिक्षेपकापुढे उभे राहावे, असे ते शेवटचे मुद्रण चालले. २४ तारखेस ते आटोपले. २६ तारखेस, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, तो वारला.

सहा वर्षांत शंभरावर गाणी. त्यांतील काही ‘ट्विन’ छापाच्या तबकड्यांवर हिंदुस्थानातही आली. १९५० मध्ये ह्यू ट्रेसी या संशोधकास केनियातील किप्सिगिस जमातीच्या मुली ‘चेमिरोचा’ नावाच्या अर्ध्या मनुष्याचे, अर्ध्या हरिणाचे गाणे गाताना आढळल्या. ‘चेमिरोचा’ हे ‘जिमी रॉजर्स’चेच बदललेले रूप होते.