१३ मे : आशिस नंदी यांचा जन्म

संस्कृती-समीक्षक आशिस नंदी यांचा जन्म १९३७ साली आजच्या दिवशी भागलपूर येथे झाला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात सामाजिक शास्त्रांकडे वळले. पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि दिल्लीच्या ‘सीएसडीएस’ या संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केले. वसाहतवाद राज्यकर्त्यांचेही मन कसे पोखरतो, हे ‘द इंटिमेट एनिमी’ (१९८३) या छोटेखानी पुस्तकात त्यांनी दाखवले. गांधीहत्येवरील त्यांचा निबंध मराठी माणसाने तर वाचायलाच हवा. नथुराम गोडसेचे बालपण, उच्चवर्णीयांची अस्वस्थता आणि गांधींच्या राजकारणातील स्त्रीत्वाला बिचकणारी पौरुषाची कल्पना यांत ते त्या हत्येची मुळे शोधतात. क्रिकेटवरही त्यांनी तितक्याच गांभीर्याने अख्खे पुस्तक लिहिले : ‘द टाओ ऑफ क्रिकेट’ (१९८९).