चूक नेटवर्कची की लॅपटॉपची?

मागच्या उन्हाळ्यात जानेफळला घरी होतो, तेव्हाची गोष्ट. मिनिनेटवर प्रयोग चालू होता. दुपारी लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि आलेखातला वेग धाडकन खाली. तो आलेख मी गाईडना पाठवलाही, वर दोन दिवस माझ्याच अल्गोरिदममध्ये चूक शोधत बसलो. चूक तिथे नव्हतीच. बॅटरीवर प्रोसेसर मंदावला होता आणि त्याच्यावर चालणारं अख्खं नेटवर्कही.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा घोळ नवा नाही, हे आधी लक्षात घ्या.

1986 मध्ये आपल्याकडे एर्नेट सुरू झालं. मुंबईची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी त्यात होत्या. तेव्हा शिकायचं तर खरा मोडेम आणि खरी टेलिफोन लाइन लागायची. बिघाडही तिथेच शोधायचा.

2005 मध्ये फ्रान्सच्या क्रिस्तोफ फिलो यांनी डायनामिप्स लिहिलं आणि सिस्कोचा 7200 राउटर साध्या पीसीवर चालू लागला. महागड्या राउटरची अडचण सुटली, पण नवीच उभी राहिली. राउटर रिकामा असला तरी त्याचा प्रोसेसर एका छोट्या चक्रात फिरत असतो. डायनामिप्स ते रिकामं फिरणंही इमानदारीने करायचं, त्यामुळे पीसीचा प्रोसेसर 100 टक्के! त्यावरचा उपाय म्हणजे आयडल-पीसी. ते चक्र प्रोग्रॅममध्ये नेमकं कुठे आहे हे सांगायचं, म्हणजे तिथे पोचल्यावर डायनामिप्स क्षणभर झोप घेतं.

2010 मध्ये लँट्झ, हेलर आणि मॅककिओन यांनी मिनिनेट मांडलं. त्यात प्रत्येक होस्टसाठी वेगळं मशीन नाही. एकाच लिनक्समध्ये होस्टगणिक वेगळं नेटवर्क नेमस्पेस असतं. हलकं आहे, पण प्रोसेसर सगळ्यांत मिळून एकच. गर्दी झाली की पॅकेट थांबतं आणि आपल्याला वाटतं नेटवर्कच संथ आहे. म्हणून 2012 च्या मिनिनेट-हायफायमध्ये होस्टला प्रोसेसरचा ठरावीक वाटा मिळाला. शिवाय प्रयोगाच्या वेळा बिघडल्या का, यावर नजर ठेवायची सोयही आली.

म्हणजे दर वेळी एमुलेटरने एक अडचण दूर केली आणि बिघाडाची जागा हलवली. तेव्हा शोधायचा क्रमही तसाच ठेवा. आधीचा प्रयोग अर्धवट बंद पडला असेल तर त्याचे उरलेले स्विच आणि इंटरफेस साफ करा. मग शेजारच्या दोन होस्टमध्ये पिंग. मग तुमचा अल्गोरिदम बाजूला ठेवून नुसत्या लिंकचा वेग मोजा. प्रयोग चालू असताना प्रोसेसर किती भरलाय ते बघा. शेवटी सगळ्या लिंकचा वेग कमी करून तोच प्रयोग परत करा. आलेखाचा आकारच बदलला, तर आधी मशीनवर संशय घ्या.

मी लिंक 1 गिगाबिटच्या ठेवल्या होत्या. त्या 100 मेगाबिटवर आणल्या, तर बॅटरीवरही आलेख जागचा हलला नाही. मग गाईडना फोन करून सांगितलं, आधीचा आलेख काढून टाका. लाज वाटली, पण पेपर छापून आल्यावर सांगण्यापेक्षा हे बरं.