मालरची नववी सिंफनी : १९३८चे ध्वनिमुद्रण

ब्रूनो वॉल्टरने व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह १६ जानेवारी १९३८ रोजी सादर केलेल्या मैफलीचे, एचएमव्हीने २० बाजूंवर काढलेले हे मुद्रण. दोनच महिन्यांत ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला. मालरचा मेहुणा व वाद्यवृंदाचा अग्रणी व्हायोलिनवादक आर्नोल्ड रोझे याला देश सोडावा लागला. त्यामुळे या वादनाची घाई म्हणजे त्या दिवसांतली धास्तीच, असे सर्रास म्हटले जाते. शेवटचा संथ भाग येथे सुमारे १८ मिनिटांत संपतो. वॉल्टरच्याच १९६१च्या मुद्रणात त्याला २१ लागतात.

पण धास्तीचा हा तर्क पुरा पडत नाही. मालरचा स्नेही मेंगेलबर्ग याने १९२६मध्ये, धास्तीचे कारण नसताना, पाचव्या सिंफनीतील ‘अडाजिएट्टो’ सुमारे सात मिनिटांत वाजवला. आज त्याला नऊ-दहा मिनिटे सहज लागतात. तबकडीची बाजू चार-साडेचार मिनिटांची, म्हणून लय वाढवली, हा आक्षेप स्टुडिओपुरता ठीक. येथे मैफल सलग चालू होती, श्रोत्यांचा खोकलाही ऐकू येतो. तेव्हा ही लय मालरच्या वर्तुळातलीच असावी. व्हायोलिनांची स्वरावरून स्वरावर घसरणारी, आपल्या मींडेची आठवण देणारी चालही त्याच वळणाची. अर्थात ही सिंफनी मालरने स्वतः कधीच ऐकली नाही. १९१२चा पहिला प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर वॉल्टरनेच केला.