टेम्पलरांचा क्रूस गोव्यात कसा आला?

आजचा भाग सेमाडोहहून. मागं सिपना वाहतेय, तिचा आवाज येणारच, सांभाळून घ्या.

टेम्पलर म्हटलं की तुम्हाला 'असॅसिन्स क्रीड' गेम आठवत असेल. मलाही तेवढंच माहीत होतं. मग एकदा जुन्या गोव्यात गेलो. मोठ्या चर्चकडं सगळी गर्दी, आणि बाजूला जांभ्या दगडाचं एक साधं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. नाव सेंट कॅथरीन.

याची गोष्ट सुरू होते जेरुसलेमला, १११९ च्या सुमारास. तिथं टेम्पलर संघ उभा राहिला. व्रत ब्रह्मचर्याचं आणि हातात तलवार. आपले नागा गोसावी आठवा, म्हणजे अंदाज येईल. संघाकडं जमिनी, किल्ले, पैसा जमला. मग १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजानं त्यांची धरपकड केली आणि १३१२ मध्ये पोपनं संघच बरखास्त केला.

संपलं? नाही ना! पोर्तुगालच्या दिनिश राजानं १३१९ मध्ये 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' हा नवा संघ काढला आणि टेम्पलरांची तिथली मालमत्ता त्याला दिली. पाटी बदलली, दुकान तेच. तोमारच्या किल्ल्यातलं टेम्पलरांचं बाराव्या शतकातलं गोल चॅपलही या संघाकडं आलं.

१४२० मध्ये राजपुत्र हेन्री संघाचा कारभारी झाला आणि संघाचा पैसा समुद्रसफरींकडं वळला. जहाजांच्या शिडांवर संघाचा लाल क्रूस झळकू लागला. १४५६ मध्ये पोपनं समुद्रापारच्या मुलखाचा धार्मिक अधिकारही या संघाला दिला. पुढं राजा झालेला मॅन्युएल तर स्वतःच संघाचा प्रमुख होता.

आता १५१०. बहमनी राज्य फुटलं होतं. इकडं आपल्या अचलपूरला इमादशाही, तिकडं विजापूरला आदिलशाही. गोवा आदिलशहाकडं. २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, मॅन्युएलचा सरदार अल्बुकर्क शहरात घुसला. चार दिवस मुसलमानांची कत्तल चालली. हे त्यानं स्वतःच राजाला पत्रात कळवलं, आणि तेही अभिमानानं.

त्या विजयाच्या आठवणीसाठी हे चॅपल. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालनं ते नव्यानं बांधून घेतलं. तिथला शिलालेख वेशीतून शिरलेल्या अल्बुकर्कचं नाव सांगतो, बांधणाऱ्याचं नाव सांगतो. मेलेल्यांबद्दल एक अक्षर नाही.

मी तिथं सेल्फीसाठी फोन काढला होता. तो लेख समजला आणि फोन खिशात ठेवला.

याचा राग आज तिथं मेणबत्ती लावणाऱ्या माणसावर काढायचा का? अजिबात नाही. त्याची श्रद्धा वेगळी, राजाची तलवार वेगळी. पण कुठलंही स्मारक बघाल तेव्हा दोन प्रश्न नक्की विचारा: हे कुणी बांधलं? आणि यात कुणाचं नाव नाही?

सेमाडोहला रेंजची बोंब आहे, त्यामुळं हा भाग परतवाड्याला पोचल्यावर अपलोड करतो. चला, भेटू पुढच्या भागात!